फोटोला न बसलेला माणूस

फ्रेमच्या दुकानात सगळ्यात जास्त वर्दळ गेलेल्या माणसांची असते, असं ठमीचे बाबा म्हणायचे. जिवंत माणसं मोबाइलमध्ये मावतात. भिंतीवर यायला मात्र आधी जावं लागतं. हे ते इतक्या साध्या सुरात बोलायचे, की नुकतंच कुणाला तरी पुरून आलेलं गिऱ्हाईकही क्षणभर हसायचं, आणि मग हसल्याबद्दल ओशाळून रुमाल काढायचं.

आता बाबा स्वतः गेले होते, आणि भिंतीवर लावायला त्यांचा एकही फोटो नव्हता.

जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे काचेआड बसवणारा हा माणूस स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. तरुणपणी कधीतरी बायबलमधली मूर्तीविषयीची आज्ञा वाचताना त्यांच्या मनात काहीतरी रुतलं, ते पुढे निघालंच नाही. आपली प्रतिमा कुणाला करू देऊ नये, असं त्यांना वाटे. सरकारी ओळखपत्रासाठी तेवढं एकदा बसावं लागलं. ‘मागणारं सरकार आहे, त्याचं त्याला देऊन टाकू,’ असं म्हणून बसले आणि ते कार्ड कपाटात पालथं ठेवून दिलं. मृत्यूचा दाखला काढताना कचेरीने तेही जमा करून घेतलं. दुसऱ्यांनी काय करावं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्नात, बाप्तिस्म्याला, चर्चच्या मंडळीच्या सहलीत सगळे ओळीने उभे राहिले की ते हळूच बाजूला होत आणि म्हणत, ‘द्या इकडे, मी काढतो.’ त्यामुळे ठमीकडे आईचे, आत्याचे, स्वतःचे ढीगभर फोटो होते, आणि त्या प्रत्येकात सगळे जण बाबांकडे बघत होते.

मंडळीत यावरून बोललं जाई. पोट फोटोंवर भरायचं आणि फोटोला नाक मुरडायचं, हे कसलं सोवळं, असं लोक म्हणत. काही तोंडावर म्हणत, काही ठमीला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. लहान असताना तिला त्याचा राग यायचा, मोठी झाल्यावर जास्तच यायला लागला. बाबांना मात्र राग यायचाच नाही. ते फ्रेमची पट्टी कापत राहायचे.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी लाडाने ठेवलेलं ते नाव चाळिशी ओलांडली तरी चिकटून राहिलं होतं, आणि आता तिला तसं हाक मारणारी एक आत्याच उरली होती. बाकी सगळे ‘ठमाबाई’ म्हणत. म्हणजे चेष्टा तीच, पण अंतर राखून.

मंडळीचे चिटणीस पेशाने चष्मेवाले होते. एका सकाळी ते मोबाइल हातात धरून दुकानात शिरले.

‘ठमाबाई, काम फत्ते!’

‘कसलं काम?’

‘फोटो मिळाला. तुमच्या बाबांचा! झोपलेले आहेत, पण चेहरा काय स्वच्छ आलाय. थांबा, दाखवतो.’

ठमीच्या हातात मागे लावायचा पुठ्ठा होता. तिने तो दोघांच्या मध्ये आडवा धरला.

‘कुणी काढला?’

‘तुमच्या आत्याबाईंनी. इस्पितळात. अहो, पुठ्ठा खाली घ्या, मी काही उन्हात उभा नाही.’

प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत एक भिंत होती. मंडळीची सेवा करून गेलेल्यांचे फोटो तिथे लावायची रीत होती. त्यातली एकूण एक फ्रेम बाबांनी केलेली. दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मंदिराचं दार उघडायचं आणि बाक सरळ करायचे, हे कामही जन्मभर त्यांचंच. येत्या स्मरणाच्या उपासनेला त्यांचा फोटो त्या भिंतीवर लागावा, असं चिटणिसांनी मनात घेतलं होतं, आणि चिटणीस एखादी गोष्ट मनात घेत तेव्हा ती दुसऱ्याच्याही मनात घालत.

‘लावायचा नाही,’ ठमी म्हणाली.

‘अहो, ज्याने सगळ्यांच्या फ्रेम केल्या, त्याचीच जागा रिकामी? लोक काय म्हणतील?’

‘ते होते तेव्हाही लोक म्हणतच होते.’

चिटणिसांनी आवाज खाली आणला. ‘हे बघा, ते आता प्रभूपाशी आहेत. तिथे गेल्यावर त्यांना कळलंही असेल, की एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं.’

‘कळलं असेल तर मला ते सांगतील. तुम्ही नका सांगू.’

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते निघून गेले. ठमीने पुठ्ठा खाली ठेवला. खरं तर पुठ्ठा धरायला क्षणभर उशीर झाला असता, तर तिने पाहिलंच असतं. तिला पाहायचं होतं. इतकं पाहायचं होतं, की गेल्या आठवड्यात ती आरशासमोर उभी राहून स्वतःच्या कपाळात बाबांचं कपाळ शोधत होती. त्यांच्या एका भुवईतून एक जुना व्रण गेला होता, लहानपणी काच लागलेली. तो डाव्या भुवईत होता की उजव्या? दफनाच्या दिवशी तिला पक्कं माहीत होतं. आता डोळे मिटले की तो कधी इकडे दिसे, कधी तिकडे. विचारायला आई नव्हती, आणि भावंडं तर मुळातच नव्हती.

आत्या होती. पण आता ती आत्याकडे चालली होती, ती हे विचारायला नव्हे.

आत्या पलीकडच्या रस्त्यावर, एका जिन्याच्या टोकाला असलेल्या खोलीत राहायची. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. गुडघे गेलेले, डोळे जायला लागलेले, जीभ तेवढी शाबूत. दर रविवारी उपासना झाली की बाबा आणि ठमी जेवायला तिच्याकडे जात. बाबा गेल्यावर ठमी एकटी जाई.

‘तू? आज काही रविवार नाही,’ आत्या म्हणाली. ‘दार लाव, वारा येतो.’

‘बाबा झोपलेले असताना तू त्यांचा फोटो काढलास.’

‘काढला. जागा असता तर काढू दिला असता का त्याने?’

‘म्हणजे चोरलास.’

‘माझ्या भावाचा चेहरा मी चोरला? बरं बाई. बोलाव पोलिसांना. जिना चढून येईपर्यंत चहा टाकते त्यांच्यासाठी.’

‘थट्टा करू नकोस, आत्या! त्यांनी आयुष्यभर एवढी एकच गोष्ट जपली. एकच. आणि त्यांना मान वळवायचं बळ उरलं नाही, तेव्हा तू तो मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरलास.’

आत्या खुर्चीवर बसली. बसताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

‘आमची आई गेली तेव्हा मी रांगत होते,’ ती म्हणाली. ‘तिचा फोटोबिटो काही नव्हता. दादाला मात्र ती आठवत होती. मी रोज त्याच्या मागे लागायचे, आई कशी होती सांग. मग तो सांगायचा. हसली की एक दात पुढे यायचा, वेणी घालताना गुणगुणायची. म्हातारपणीसुद्धा विचारलं तरी सांगायचा, कधी कंटाळला नाही. तो होता तोवर माझ्यापाशी आई होती. आता दोघंही गेली. आणि दादा कसा होता, हे मला कोण सांगणार? तू? तू तर त्या दुकानातून मान वर काढत नाहीस.’

या जागी ठमीने थांबायला हवं होतं. पण राग धावत सुटला होता, आणि त्याला हे बोलणं ऐकू गेलं नाही.

‘पहिल्या बाकावर बसतेस. प्रभुभोजन घेतेस. आणि मरणाऱ्या माणसाचं मन असं पायदळी तुडवतेस. तुझा विश्वास तरी कसला म्हणायचा, आत्या?’

आत्याने वर पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

‘फ्रेमचं माप घे, पोरी,’ ती म्हणाली. ‘माझ्या विश्वासाचं घेऊ नकोस.’

त्यानंतर ठमी तिच्याकडे गेली नाही. रविवारी आत्या पहिल्या बाकावर, ठमी दाराजवळच्या शेवटच्या. प्रार्थना संपली की ठमी सगळ्यांच्या आधी बाहेर पडे, दुकान उघडे आणि कामाच्या फळीपाशी उभ्याउभ्याच काहीतरी खाई. रविवारी दुकान उघडणं बाबांना आवडलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण घरी दोन खुर्च्या होत्या.

दिवसभरात ती गिऱ्हाइकांशी बोलत असे, पण ते बोलणं लांबी-रुंदीचं. पट्टी कुठली हवी, काळी की लाकडी, काच साधी की चमक न मारणारी. दुकान बंद केल्यावर आपला आवाज आपण बराच वेळ ऐकलेला नाही, हे तिच्या लक्षात येई. मग ती काहीतरी मोठ्याने म्हणे. ‘किल्ली कुठे ठेवली?’ असं काहीतरी. किल्ली हातातच असे.

व्रण आता डावीकडे की उजवीकडे, हे विचारण्याच्याही पलीकडे गेला होता. सगळा चेहराच पाण्यात पडल्यासारखा हलत होता. बाबांचा आवाज होता, हात होते. नखात अडकलेला लाकडाचा भुसासुद्धा होता. पण गळ्याच्या वर नजर नेली, की सगळं धूसर. रात्री तिच्या मनात येई, चिटणिसांना नुसता एक फोन. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही. आणि मग तिला आत्याचा राग नव्याने येई, कारण फोटो नसता तर हा मोहही नसता.

एका दुपारी मंडळीचे पाळक आले. तिशीतला सडसडीत माणूस. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. उपदेश करतानाही आधी खाकरत, त्यामुळे मुलं त्यांची नक्कल करत. त्यांनी मुलांनी काढलेलं एक चित्र फ्रेमसाठी आणलं होतं.

‘भिंतीवरची जागा रिकामीच ठेवायचं ठरलं,’ ते म्हणाले. ‘चिटणीस घुश्शात आहेत, पण ते उतरतील.’

‘बरं झालं.’

‘आत्याबाई ठीक आहेत?’

‘मला माहीत नाही.’ ठमीने चित्रावर माप ठेवलं. ‘त्यांनी चूक केली, पाळकसाहेब.’

पाळकांनी घसा खाकरला. ‘ती भिंतच काढून टाकायची मागणी एकदा झाली होती, माहीत आहे तुम्हाला? मी नवीनच आलो होतो.’

‘नाही.’

‘आपल्यातलाच एक जण. नाव नको. तुमच्या बाबांना फार मानायचा. त्याचं म्हणणं, एवढा देवभीरू माणूस फोटो काढू देत नाही, म्हणजे भिंत चुकीचीच. फोटो लावणाऱ्यांचा विश्वास कच्चा. सह्या गोळा करायला निघाला, आणि पहिली सही मागायला तुमच्या बाबांकडेच आला.’

‘मग?’

‘बाबांनी त्याला हातात फडकं दिलं आणि त्या भिंतीसमोर नेलं. म्हणाले, आधी एवढ्या काचा पुसू, मग सही करतो. तो पुसत होता आणि बाबा एकेकाबद्दल सांगत होते. ही बाई आजाऱ्यांपाशी बसायची, हा माणूस तापट होता पण कुणाला उपाशी परत पाठवायचा नाही. सगळ्या काचा झाल्यावर म्हणाले, आता सांग, यातल्या कुणाला उतरवायचं? ही माझी-तुझी नव्हेत, देवाच्या घरची चाकरमाणसं. त्यांचा धनी त्यांना उभं ठेवायला समर्थ आहे, तो माझं-तुझं मत घेणार नाही. माझं मन मला अडवतं, म्हणून मी थांबतो. ते काही मी तुला काठी म्हणून वापरायला दिलेलं नाही.’

ठमीचं माप चित्रावर तसंच राहिलं होतं.

‘मला हे कधी बोलले नाहीत,’ ती म्हणाली.

‘कुणालाच बोलले नाहीत. मला त्या माणसाने स्वतः सांगितलं.’ पाळक उठले. ‘पट्टी लाल लावा. मुलांनी लालच सांगितलीय. मी दुसरी नेली तर माझी धडगत नाही.’

ते गेल्यावर ठमीने ते चित्र बाजूला ठेवलं, दुकान तसंच ओढून घेतलं आणि पलीकडच्या रस्त्यावरचा जिना चढली.

आत्याने दार उघडलं, पण वाटेतून हलली नाही.

‘काय राहिलं होतं बोलायचं?’

‘फोटो कागदावर काढून घेतलास का?’

‘घेतला. का? फाडणार आहेस?’

‘दे. फ्रेम करते.’

आत्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला आता नीट दिसत नसे, त्यामुळे बघायला वेळ लागे. ‘तू बघणार तो?’

‘नाही.’

‘न बघता फ्रेम कशी करशील, शहाणे?’

‘पाठीकडून.’ मग ठमी म्हणाली, ‘मी त्या दिवशी जे बोलले ना, तुझ्या विश्वासाबद्दल, ते बोलायचा मला अधिकार नव्हता.’

‘नव्हताच,’ आत्या म्हणाली. ती आत गेली आणि जाड कागदी पाकीट घेऊन आली. ‘आणि त्याचं मन मोडलं, हे मलाही ठाऊक आहे. मी देवाला सांगितलंय. तुझा फोटो काढला असता तर तुला सांगितलं असतं. आता लाकडी पट्टी लाव. काळी नको. काळ्यात तो मेल्यासारखा दिसेल.’

फ्रेमचं काम तसं पाठीकडूनच होतं. आधी पट्टीचे चार तुकडे तिरके कापून चौकट जोडायची, ती फळीवर पालथी ठेवायची, तिच्यात काच उतरवायची, काचेवर फोटो पालथा, त्यावर पुठ्ठा, मग कडेने बारीक खिळे आणि शेवटी कागदाची पट्टी. ठमीने पाकिटातून फोटो काढला तो पांढरी बाजू वर ठेवूनच. कोपऱ्यांना बोटं लावून तो काचेवर सोडला. कागद जाड होता, आरपार काही दिसत नव्हतं. तिने खिळे ठोकले, अगदी हलक्या हाताने, झोपलेल्याला जाग येऊ नये तसे.

राहिली होती एकच गोष्ट. फ्रेम झाली की ती उलटी करून उजेडात धरायची आणि काचेखाली धूळ राहिली आहे का, ते बघायचं. असं बघितल्याशिवाय दुकानातून एकही फ्रेम बाहेर जात नसे. तिने दोन्ही बाजूंनी चौकट धरली. अंगठे वर, बोटं खाली. तिच्या बोटांच्या टोकांना काच लागत होती, आणि काचेच्या पलीकडे ती भुवई होती. डावी किंवा उजवी. बाबांनी तिला कधी मना केलं नव्हतं. देवही रागावेल असं तिला वाटत नव्हतं. आत्या रोज बघेल, आणि ते आत्याच्या ठिकाणी बरोबर असेल. तिने आपल्या मनाला विचारलं, खरंच विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली. मनातून हो आलं नाही. नाहीही मोठ्याने आलं नाही. नुसतं हो आलं नाही.

तिने फ्रेम पालथीच कागदात गुंडाळली आणि दोरी बांधली. मग दिवा बंद करून स्टुलावर बसली आणि खूप रडली. दफनाच्या दिवशी रडली नव्हती तेवढी. तो चेहरा आता तिला परत मिळणार नव्हता, आणि तो तिने आपल्याच हाताने बांधून ठेवला होता.

बांधलेली फ्रेम तिने दुसऱ्याच दिवशी आत्याला पोचवली. रविवारी ती आत्याकडे जेवायला गेली. दारातच तिच्या लक्षात आलं, की खोली वेगळी दिसते आहे. टेबल खिडकीपासून ओढून आत घेतलं होतं. ठमीची खुर्ची नेहमी ज्या बाजूला असे, तिथे आता आत्याची होती. ठमीची तिच्यासमोर, पलंगाकडच्या भिंतीला पाठ करून. जमिनीवर टेबलाच्या पायांचे ओरखडे उमटले होते.

‘एकटीने ओढलंस? या गुडघ्यांनी?’

‘मग काय तुझी वाट बघत बसू? सरळ आत ये, खाली बघत, आणि बस. जेवण निवतंय.’

ठमी जमिनीकडे बघत आत आली आणि बसली. भिंत तिच्या पाठीशी होती. आत्याने वाढलं, डोळे मिटून दोघींसाठी प्रार्थना केली, मग डोळे उघडून म्हणाली, ‘काचेखाली एक ठिपका राहिलाय. कोपऱ्यात.’

‘आणून दे दुकानात. काढते.’

‘राहू दे. सगळं कशाला हवंय काढायला.’

दोघी जेवू लागल्या. आत्या खालच्या मजल्यावरच्या बाईबद्दल सांगत होती. तिने म्हणे दुसरी मांजर आणली, आणि पहिल्या मांजरीने अन्न सोडलं. ठमीने हूं हूं म्हणत मान वर केली. आत्या बोलत तिच्याशी होती, पण नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली होती. बोलता बोलता ती नजर तिथेच थांबली, वाक्य अर्धं राहिलं, आणि त्या म्हाताऱ्या, तिखट तोंडावर असं काहीतरी हळूहळू उजळत गेलं, जे ठमीने फक्त बाबांनी काढलेल्या जुन्या फोटोंमधल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं.

ठमीने मागे वळून पाहिलं नाही. ती आत्याकडे बघत राहिली.